गणपत मोरे नावाचा माणूस

५ ऑगस्ट १९९७, पुणे

उजळणी वर्गाला आलेल्या प्रत्येकाला एक पिशवी, एक पेन आणि ही डायरी फुकट मिळाली. पिशवीचा बंद आज तुटला, पेन कालच संपलं. डायरी तेवढी टिकेल असं दिसतं, म्हणून लिहायला घेतो. एरवी मी किराणा काय आणायचा तेसुद्धा उषाकडून लिहून घेणारा माणूस.

आज सकाळच्या तासाला एक तरतरीत बाई आल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांची झोप उडवली. म्हणाल्या, किती पेपर छापले हे विचारायचे दिवस गेले. ते वाचले कुणी, हे सांगा. कुणी आपल्या संशोधनात तुमच्या पेपरचा आधार घेतला आणि शेवटी संदर्भात तुमचं नाव दिलं, की ते एक सायटेशन. जगभरातली अशी सायटेशनं गोळा करून दरवर्षी त्यांचे जाडजूड खंड निघतात. इथल्या ग्रंथालयात ते आहेत, दुपारी जाऊन आपापलं नाव बघा. रीडरच्या बढतीच्या मुलाखतीत आता हे विचारतात.

माझी रीडरची मुलाखत दोन महिन्यांवर आली आहे. जेवण अर्धवट टाकून गेलो. खंडाचा कागद पापुद्र्यासारखा आणि अक्षर मुंगीएवढं. माझे एकूण अकरा पेपर, सगळे माशांच्या आतड्यातल्या पट्टकृमींवर. चार नव्या जाती शोधल्या. एकीला गाइडचं नाव दिलं, एकीला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं. अध्यक्षांना ती आतड्यातली अळी आहे हे अजून माहीत नाही, ते पुरस्कार मिळाल्यासारखे खूश आहेत. दहा वर्षांचे खंड चाळले. पडूळ सापडला, पण तो ए. के. पडूळ, आणि तो सिमेंटवर लिहितो. बी. एस. पडूळ जगात कुणी ऐकलेला नाही.

बाहेर येऊन चहा घेतला. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून टपरीच्या मागच्या बाजूला उभा राहून घेतला.

६ ऑगस्ट, पुणे

पुन्हा गेलो. काल डोळ्यांची चूक झाली असेल, अशी मनाची समजूत घातली होती. चूक झाली नव्हती.

खंड मिटता मिटता सहज 'म्हस्के' काढलं. म्हस्के म्हणजे आमची उषा, लग्नाआधीची. हसनाबादच्या पुंजाराम म्हस्क्यांची गिरिजा. मुंबईच्या एका संस्थेत ती तीन वर्षं मज्जासंस्थेवर काम करत होती. पालीची शेपटी तुटली की नवी फुटते, त्या नव्या शेपटीत मज्जारज्जू परत कसा वाढतो, हा तिचा विषय. माणसाच्या पाठीचा कणा दुखावला तर तो का वाढत नाही, इथपर्यंत ते जाऊन पोचतं म्हणे. ८४ साली तिचा एक पेपर हॉलंडला छापून आला, ८५ साली दुसरा. ८६ मध्ये आमचं लग्न झालं आणि थिसिस लिहायचा राहून गेला.

नाव का बदललं, तर आमच्या आईचं नावही गिरिजाबाई. सून सासूच्या नावाची कशी चालणार? सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचं नाव घ्यायचं, तिच्यावर ओरडायचं म्हणजे सासूवर ओरडल्यासारखं. म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने त्यात 'उषा' लिहिलं. ती शेजारी बसून बघत होती. सोपं नाव आहे, एवढंच म्हणाली.

'म्हस्के जी. पी.'च्या खाली एखादी ओळ असेल असं वाटलं होतं. अख्खा रकाना होता. अमेरिका, जपान, स्वीडन. सुरुवातीची वर्षं तुरळक, आणि ९३ पासून दरवर्षी वाढतच गेलेला. मी बोट ठेवून मोजत गेलो आणि पन्नाशीच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी डोकावून विचारलं, "तुमची का सर?" मी म्हणालो, "नाही, नात्यातल्या एकाची."

अभिमान वाटायला हवा होता. तो वाटला असता तर मी पळत जाऊन जालन्याला फोन लावला असता. मला राग आला. आधी तिचा आला, मग त्या खंडाचा, मग जपानच्या लोकांचा, की त्यांना दुसरा पेपर मिळाला नाही का वाचायला. फार वेळाने स्वतःचा आला, आणि तोही लगेच ओसरला. हे लिहितानाही मान खाली जाते आहे.

९ ऑगस्ट, जालना

आठ दिवसांनी नळ आले, त्यामुळे घरात दिवाळी. सगळी भांडी भरून झाल्यावर उषाने चहा दिला आणि विचारलं, "पुण्यात ते सायटेशनचे खंड असतेत. गेल्ते का तुम्ही तिकडं?"

"वेळच झाला नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आणि कपबशा उचलून गेली. जाताना मला वाटलं ती जरा थांबली. पण ती पालीकडे बघायला थांबली होती. आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहते. मी पुण्याला असताना आईने केरसुणी उगारली आणि पालीची शेपटी तुटून पडली. तेव्हापासून उषाचं लक्ष तिच्यावरच. काल तिने आमच्या मुलीच्या, नंदाच्या, पट्टीने भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा केल्या. आई वैतागली आहे. म्हणाली, "ही बाई पालीकडं बघून राह्यली अन् तव्यावर पोळी करपून राह्यली. बद्री, सांग हिला."

मी उषाला सांगितलं की भिंत खराब होते. मागच्या वर्षीच रंग दिला आहे.

२४ ऑगस्ट

बारावा पेपर पाठवायची घाई. मासे धरणाऱ्या लालमियाँने घाणेवाडीच्या तलावातले मासे दिले होते, त्यातली ही नवी अळी. आई माळकरी, त्यामुळे माशाचं काहीही खालच्या घरात येऊ शकत नाही. गच्चीवरची पत्र्याची खोली हीच माझी प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक, बरण्या, आणि उन्हाळ्यात आपणच शिजतो की काय अशी गरमी.

आकृत्या उषा काढते. पहिल्यापासून तीच काढते, कारण माझा हात कापतो आणि मला कंटाळा येतो. शाईची बारीक निब घेते आणि नुसते ठिपके देत जाते. जिथे सावली तिथे दाट, जिथे उजेड तिथे विरळ. आज अळीच्या डोक्यावर तिचे चार तास गेले. मधेच म्हणाली, "अहो, तुम्ही इथं चार चोषकं लिहिली. ही पाचवी घडी दिसून राह्यली ती कशाची?" मी म्हणालो, काचेवर बुडबुडा असेल. तिने मला बोलावून दाखवलं. बुडबुडा नव्हता. त्या घडीमुळेच ही जात वेगळी ठरते, असं आता पेपरात लिहिलं आहे. इंग्रजीही तिने तपासून दिलं.

आभाराच्या परिच्छेदात प्राचार्य, विभागप्रमुख आणि लालमियाँ यांची नावं घातली.

१२ सप्टेंबर

मुलाखत ७ ऑक्टोबरला, विद्यापीठात. बाहेरच्या तज्ज्ञ हैदराबादहून येणार आहेत, डॉ. कमरुन्निसा नावाच्या. मच्छिंद्र फिजिक्स शिकवतो आणि त्याला सगळ्यांची माहिती असते. तो म्हणाला, "बाई डेंजर हाय. मेंदूवाली हाय. तुझ्या अळीला मेंदू हाय का, ते आधी बघून घे."

घरी येऊन हे नाव सांगितलं तर उषा पीठ मळता मळता थांबली. "कमरुन्निसा? मज्जारज्जूवर काम करणाऱ्या?" मी म्हणालो, असतील. तुला कसं माहीत? म्हणाली, "मुंबईला असताना त्यांचं एक व्याख्यान ऐकलं व्हतं." पिठाचा हात परातीच्या काठाला पुसला. मग म्हणाली, "चांगल्या बाई हायेत. घाबरू नका. विचारतील ते खरं सांगा, येत न्हाई तर न्हाई म्हणा."

रोज संध्याकाळी ती मला प्रश्न विचारते. माझ्याच पेपरांवरचे. तिला ते माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत.

७ ऑक्टोबर, औरंगाबाद

बसस्टँडवर बसून लिहितो आहे. जालन्याची एक गाडी सोडून दिली.

सुरुवात चांगली झाली. कुलगुरूंच्या प्रतिनिधींनी नाव-गाव विचारलं, मी सांगितलं. मॅडम बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी सायटेशनचं विचारलं. मी उषाने सांगितलं होतं तसं खरं सांगितलं, एकही नाही. त्या हसल्या. "कोई बात नहीं पडूळ साब. जिस चीज को दुनिया नहीं पूछती, उसको भी किसीने तो देखना." मला इतकं हलकं वाटलं की वाटलं, झालं.

मग त्यांनी माझे छापील पेपर पुढे ओढले आणि आकृत्यांवर थांबल्या. एकेक पान उलटत गेल्या. चष्मा लावला, परत काढला. पेन्सिलीचं टोक आकृतीच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "ये डॉट्स मैंने कहीं देखे हैं. और ये क्या लिखा है?"

मी वाकून बघितलं. सावलीच्या ठिपक्यांना अगदी लागून तीन बारीक अक्षरं होती. जी. पी. एम. मी ती आजपर्यंत पाहिलीच नव्हती.

मॅडम सांगू लागल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला पहिल्यांदा एक जुना पेपर वाचायला देतात. पालीच्या मज्जारज्जूवरचा, जी. पी. म्हस्के यांचा. त्यातल्या आकृत्या अशाच ठिपक्यांच्या आहेत. पंच्याऐंशीनंतर या म्हस्क्यांचं काही आलं नाही. मॅडमनी मुंबईला विचारलं, तिथे आता कुणाला माहीत नाही. "हम तो समझे गुजर गई बेचारी," त्या म्हणाल्या. "आप जालना के हैं. उस पेपर में हसनाबाद का शुक्रिया लिखा है, वालिद का. आप पहचानते?"

खोलीत पाच माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की ती माझी बायको. तीन शब्द. पण ते म्हटले की ही पाच माणसं पुढचा प्रश्न काय विचारतील ते मला दिसायला लागलं. मग तुम्ही काय केलंत? तिचे पेपर जग वाचतं, तुमचे कुणी नाही, आणि ती तुमच्या अळ्या काढत बसली?

मी म्हणालो, "नाही मॅडम. ही आमच्या कॉलेजच्या ड्रॉइंगच्या माणसाची सही आहे. गणपत पांडुरंग मोरे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "अच्छा. बहुत अच्छा हाथ है मोरे साब का." आणि मला जायला सांगितलं.

नाव किती पटकन सुचलं याचं नवल वाटतं. ताटातल्या तांदळात लिहायला मला याहून जास्त वेळ लागला होता. एकाच बाईचं नाव मी दुसऱ्यांदा बदललं, आणि या वेळी तिला पुरुष करून टाकलं.

८ ऑक्टोबर

गच्चीवर जाऊन भिंग घेऊन बसलो. अकराच्या अकरा पेपरांत आहे. प्रत्येक आकृतीत आहे. ८७ सालच्या पहिल्या अळीच्या शेपटीपासून. पट्टकृमी मोजत बसणारा माणूस मी, चोषकावरचे काटे मोजतो, आणि स्वतःच्या पेपरावरचं हे मला दिसलं नाही.

उषा ऊन दाखवायला ठेवलेलं सादळलेलं वाळवण काढायला वर आली. मी विचारलं, "हे कोपऱ्यात काय असतं?"

"चित्र काढणारानं खूण करायची असती. आमच्या प्रयोगशाळेत तशी शिस्त व्हती."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी बघितलं न्हाई," ती म्हणाली. रागाने नाही, कुरडया पाटीत भरता भरता. मग विचारलं, "मुलाखतीत कोणी आकृत्यांचं विचारलं का?"

"छान आहेत म्हणाले."

"कोण म्हणलं?"

"सगळेच."

"कोणी काढल्या, ते न्हाई विचारलं?"

"नाही," मी म्हणालो.

ती पाटी घेऊन खाली गेली. खोटं बोलायला इतकं सोपं जातं हे मला या वयात कळलं. मला वाटतं तिला काही जाणवलं नाही.

२ नोव्हेंबर, हसनाबाद

भाऊबीजेला सासुरवाडीला आलो आहोत. दिवाळीच्या आधी आदेश आला, मी रीडर झालो. कॉलेजात हार झाला, पेढे झाले, अध्यक्षांनी भाषणात माझ्या चार नव्या जातींचा उल्लेख केला, त्यातल्या स्वतःच्या नावाच्या जातीचा विशेष. त्या सत्काराला उषा मागच्या रांगेत बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मला तिच्याकडे बघवलं नाही. फोटोत माझी मान खाली आहे, लोक म्हणाले सर किती विनम्र.

इथे सासरे, पुंजारामबुवा, ओसरीवर बसलेले. कपाशी वेचून आली आहे, त्यांच्या धोतराला कापूस चिकटलेला. त्यांनी मला जवळ बसवलं. "जावईबापू, मोठे झाले, चांगलं झालं. एक इच्यारू का? आमच्या गिरिजाचं ते पालीचं काय झालं व्हतं मंग? तिनं त्यात माझं नाव छापलं व्हतं. म्हणली, दादा, तुमचं नाव परदेशात गेलं."

या घरात तिला अजून गिरिजाच म्हणतात. आतून तिचा हसण्याचा आवाज येत होता. आमच्या घरी ती असं हसत नाही.

"ते आता जुनं झालं, मामा," मी म्हणालो. "शास्त्र फार पुढे गेलं."

"जुनं झालं व्हय," म्हणाले. धोतराचा कापूस वेचत म्हणाले, "व्हणारच. अकरा साल झाले."

म्हातारा माणूस. त्याला एका वाक्यात सुख देता आलं असतं. रात्री ताटावर बसलो तर त्यांनी माझ्या पुरणावर स्वतःच्या हाताने तूप वाढलं.

९ नोव्हेंबर

पालीची शेपटी पुरी वाढली. रंगाने जरा फिकी आहे, बाकी ओळखू येत नाही. उषाने भिंतीवरच्या खुणा खोडरबराने पुसल्या. मला म्हणाली, "आता भिंत खराब दिसत न्हाई ना?"

त्या खुणांवरून तिने काय काढलं, ते मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर

प्राचार्य साहेबरावांनी केबिनमध्ये बोलावलं. मच्छिंद्र तिथेच बसलेला. "पडूळ, हैदराबादहून फोन आल्ता. कोणी बाई व्हत्या. म्हणल्या, तुमच्या कॉलेजात गणपत मोरे हायेत, त्यांना द्या. मी म्हणलं बाई, मोरे एकच व्हता, शिपाई, तो रिटायर होऊन गेला. तर म्हणल्या, पडूळ सरांना बराबर माहीत हाय."

मच्छिंद्र म्हणाला, "मोऱ्याला? त्याला घंटा वाजवता येत नव्हती टायमावर. हैदराबादला काय घड्याळ बसवायचं हाय का?"

सगळे हसले. मी पण हसलो.

प्राचार्यांनी दिलेला निरोप असा: डिसेंबरात हैदराबादला मज्जारज्जूवर परिसंवाद आहे. मॅडमच्या प्रयोगशाळेत चित्रं आणि सूक्ष्मदर्शकाचं काम बघायला माणूस हवा आहे, आणि गणपत मोऱ्यांनी यावं अशी त्यांची फार इच्छा आहे. या महिन्यात कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

घरी जाऊन सांगायचं ठरवून निघालो. शिवाजी पुतळ्यापर्यंत ठाम होतो. मामा चौकात आल्यावर वाटलं, आधी मॅडमना सांगावं, ते सोपं, त्या परक्या आहेत. एस. टी. डी.च्या खोक्यात शिरलो आणि नंबर फिरवला.

मॅडमनी आवाज ओळखला. मी म्हणालो, "मॅडम, मोरे आता कॉलेजात नसतात." पुढचं वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते असं: "ते आमच्या घरी असतात. घरचा नंबर देतो. रविवारी सकाळी फोन केला तर भेटतील."

"आपके घर रहते?"

"हो."

"कब से?"

"अकरा वर्षं झाली."

मग त्या म्हणाल्या, "अच्छा. ग्यारह साल. तो इतवार को करती मैं." आणि एकदम मऊ आवाजात, "शुक्रिया पडूळ साब."

त्यांना संशय आलेला दिसला नाही. पण आभार कशाचे मानले ते कळलं नाही.

१५ नोव्हेंबर

दिवसभर सांगायचं म्हणून तिच्या मागे मागे हिंडलो. ती म्हणाली, "तुम्हाला काही पायजे का?" मी म्हणालो, पाणी.

सांगायला काय काय आहे ते मनात मांडून बघितलं तर आपलीच शिसारी येते. पुण्यात बघितलं होतं. मॅडमनी विचारलं होतं. तुझ्या वडिलांनी विचारलं होतं. तू विचारलं होतंस. चार ठिकाणी चार वेळा नाही म्हणालो, आणि प्रत्येक वेळी माझं काहीही जाणार नव्हतं. रीडर तर मी तिच्या आकृत्यांवरच झालो. निवड समितीच्या शेऱ्यात तेच एक कौतुकाचं वाक्य आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं होतं की फोन मीच उचलायचा, मॅडमना सगळं सांगायचं, मग उषाला बोलवायचं. सकाळपासून फोनच्या शेजारी वर्तमानपत्राचा पेपर वाचत बसलो होतो. नंदा शेजारी खेळायला गेली होती. आई आत देवापाशी. उषा फोनच्या टेबलाखालची फरशी पुसायला आली आणि म्हणाली, पाय वर घ्या. मी पाय वर घेतले आणि तेवढ्यात घंटा वाजली. तिचा हात जवळ होता.

"हॅलो," ती म्हणाली. मग, "कौन? गणपत मोरे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. पेपरात काय होतं ते आता आठवत नाही, पण मी तो धरून ठेवला होता.

"चित्र? जी. हाँ, कीड़ों की. कोने में, जी." ती फरशी पुसायचं फडकं हातात घेऊन तशीच खाली बसली. ओल्या फरशीवर. रिसीव्हरमधून मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. खूप वेळ त्याच बोलत होत्या. एकदा उषा म्हणाली, "कितने?" पुन्हा म्हणाली, "जपान में भी?" मग पुन्हा नुसतं ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती, हातात फडकं होतं म्हणून असेल.

मला वाटलं आता ती मला काही विचारेल. तिने विचारलं नाही. पेपरावरून माझ्याकडे एकदा नीट बघितलं, पुण्याहून आलेल्या दिवसापासूनचं सगळं एकदम बघावं तसं. मला उठून जावंसं वाटलं, पण पाय अजून खुर्चीवरच होते.

मग ती फोनमध्ये म्हणाली, "नहीं मॅडम. गुजर नहीं गई. यहीं है, जालना में." फडकं बाजूला ठेवलं. आणि मोठ्याने, शाळेत हजेरीला उभं राहून म्हणावं तसं म्हणाली, "मैं गिरिजा म्हस्के बोल रही हूँ."

आतून आईचा आवाज आला. "कोण हाय गं? माझं नाव कोण घेऊन राह्यलं?"

उषाने फोनवर हात ठेवला. "तुमचं न्हाई, आई. माझं घेतलं."

अकरा वर्षांत या घरात हे असं कुणी बोललं नव्हतं. आत पूजेची घंटी वाजायची थांबली. मग आई म्हणाली, "घे मंग. माझं तरी कोण घेतं? तुझे मामंजी 'अगं ए' म्हणत गेले, अन् हा आई म्हणतो. ज्या नावासाठी तुझं बदललं, ते मलाबी आज कितीक सालानं ऐकू आलं."

ती पुन्हा फोनवर बोलायला लागली. डिसेंबर, गाडी, किती दिवस, सगळं विचारत होती. मला उठून तिच्या खांद्याला हात लावायचा होता, निदान हाक मारायची होती. पण कोणत्या नावाने मारावी ते मला ठरवता येईना, म्हणून मी तिचं बोलणं संपेपर्यंत तसाच बसून राहिलो.